भाच्याला कोमोरोसच्या झेंड्याचं जहाज मिळतंय, पाठवावं का?

नेरूळची_मावशी

मंडळी, जहाजावर काम केलेली किंवा त्या धंद्यातली माणसं इथे आहेत म्हणून विचारते. बहिणीचा मुलगा रत्नागिरीचा. जीपी रेटिंगचा (साध्या खलाशाचा) कोर्स झाला, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक हातात आहे, पण पहिलं जहाज काही मिळेना. सध्या माझ्याकडे राहून बेलापूरच्या ऑफिसांचे उंबरे झिजवतोय. गेल्या आठवड्यात एका एजंटाने जनरल कार्गोचं जहाज दाखवलं. शारजा ते सोमालिया अशी फेरी, जहाज बरंच जुनं, आणि झेंडा कोमोरोसचा. मालक कुठला विचारलं तर एकदा तुर्कस्तान म्हणाला, एकदा दुबई. वर "सर्व्हिस चार्ज" म्हणून अडीच लाख मागतोय.

पैशाचं समजण्यासारखं आहे, तो फसवतोय की काय ही शंका मलाही आली. पण झेंड्याचं कळत नाही. मालक एका देशाचा, पोरं आपली, माल तिसऱ्याचा आणि झेंडा आफ्रिकेजवळच्या त्या बेटांचा, हे कसं चालतं? त्याने पोराच्या नोकरीत काय फरक पडतो? बहीण रोज फोन करते, तिला काहीतरी नीट सांगायचं आहे.

जुना_चीफ_सीवूड्स

मावशी, आधी पैशाचं. खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेणं बेकायदा आहे, २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. एजंटाकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारी जहाजवाहतूक खात्याचा, आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना असावा लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या साईटवर आहे. नाव तिथे नसेल तर पुढे बोलायचंच नाही. असेल तरी नंबर आणि पत्ता जुळतो का बघा, कारण दुसऱ्याचा नंबर छापून फिरणारे पुष्कळ आहेत.

आता झेंड्याचं. मी सगळी नोकरी पनामा, लायबेरिया आणि मार्शल आयलंडच्या जहाजांवर केली. पनामा सोडला तर यातला एकही देश पाहिला नाही. जगातल्या जहाजांच्या एकूण टनेजपैकी (वहनक्षमतेपैकी) ४० टक्क्यांहून जास्त या तिघांकडे आहे. मालक ग्रीक, जपानी, जर्मन, चिनी कोणीही असो, तिथे एक कंपनी काढायची, तिच्या नावावर जहाज करायचं, फी भरायची. कर नाममात्र, आणि खलाशी कुठल्याही देशाचे ठेवायची मुभा. मालकाला हवी असते ती मुख्यतः ही मुभा.

सुरुवात १९२२ ची. अमेरिकेत दारूबंदी होती, अमेरिकन झेंड्याच्या प्रवासी बोटींवरही दारू विकता येईना, तेव्हा रिलायन्स आणि रेझोल्यूट या दोन बोटी पनामाकडे नेल्या. लायबेरियाची रजिस्ट्री (जहाजनोंदणी कचेरी) १९४८ च्या सुमाराची. ती उभी केली अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री स्टेटिनियस यांनी, आणि पहिलं जहाज होतं ग्रीक मालक निआर्कोसचं 'वर्ल्ड पीस'. ही रजिस्ट्री आजही अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालते. लायबेरियात यादवी पेटली होती तेव्हाही तिचं काम थांबलं नाही. मार्शल आयलंडची रजिस्ट्रीही व्हर्जिनियातूनच चालते. मंगोलियाला समुद्र नाही, तरी २००३ पासून त्यांची रजिस्ट्री आहे, सिंगापूरमधून चालवलेली.

हे वाचून सगळेच परके झेंडे वाईट समजू नका. लायबेरिया आणि मार्शलचे सर्व्हेअर कडक असतात. जहाज मोठ्या बंदरात अडकलं तर झेंड्याचं नाव खराब होतं, म्हणून ते स्वतःच मालकाच्या मागे लागतात. युरोपातली बंदरं पॅरिस एमओयू या आपसातल्या तपासणी-कराराखाली तपासण्यांवरून झेंड्यांची पांढरी, करडी आणि काळी यादी काढतात. कोमोरोस गेली काही वर्षं काळ्या यादीत आहे. मोठ्या रजिस्ट्रीने ज्यांना दारातून परत पाठवलं, ती म्हातारी जहाजं शेवटी अशा झेंड्यांकडे जातात. अलंगला तोडायला निघालेल्या जहाजांच्या मागेही शेवटच्या फेरीपुरतं कोमोरोस, पलाऊ किंवा सेंट किट्स लिहिलेलं असतं.

माझं मत: पहिलंच जहाज असलं नको.

घोडबंदर_रोड

म्हणजे हे पुद्दुचेरी पासिंगसारखं झालं. गाडी ठाण्यात फिरवायची, टॅक्स वाचावा म्हणून नंबर तिकडचा घ्यायचा.

वाशीचा_वकील

कराच्या बाबतीत बरोबर, पण फरक मोठा आहे. पुद्दुचेरीची गाडी तीन हात नाक्यावर ठोकली तर गुन्हा ठाण्यातच नोंदला जातो, कोर्ट ठाण्याचंच. जहाजाचं तसं नाही. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराप्रमाणे खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार झेंड्याच्या देशाचा. बोटीवर मारामारी झाली, खलाशी मेला, बेपत्ता झाला, तर चौकशीची पहिली जबाबदारी त्या देशाची. तो देश चौकशी करतो का, अहवाल घरच्यांना देतो का, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

त्याच करारात कलम ९१ आहे. जहाज आणि त्याचा देश यांच्यात खरा संबंध असला पाहिजे, असं त्यात म्हटलंय. खरा म्हणजे किती, हे मात्र लिहिलेलं नाही. ते ठरवायला संयुक्त राष्ट्रांनी १९८६ मध्ये वेगळा करार केला, पण पुरेशा देशांनी सह्या पक्क्या केल्या नाहीत आणि तो कधी लागूच झाला नाही. ज्यांचा फायदा या ढिलाईत आहे त्यांनी तो होऊ दिला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मावशींसाठी एक दिलासा. जहाज आपल्या बंदरात आलं की झेंडा कोणताही असो, पगार थकला असेल तर मुंबई उच्च न्यायालय ते अटकावून ठेवू शकतं. २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यात जहाजावरच्या हक्कांमध्ये खलाशांच्या पगाराला सगळ्यात वरचं स्थान आहे. अडचण एवढीच की शारजा-सोमालिया करणारं जहाज न्हावाशेवाला येणार कधी?

मोरा_बंदर

आम्ही उरणचे, मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने जाणारे. वाटेत नांगरलेल्या जहाजांच्या मागे नाव आणि त्याखाली गाव लिहिलेलं असतं. मोन्रोव्हिया (लायबेरिया), माजुरो (मार्शल आयलंड), पनामा, व्हॅलेटा (माल्टा), नासाऊ (बहामाज). मुंबई लिहिलेलं फार कमी दिसतं. जुन्या जहाजाजवळून लाँच गेली आणि ऊन तिरकं असेल तर रंगाखालून आधीचं नाव वाचता येतं. अक्षरांच्या कडा पत्र्यावर वेल्डिंगने उठवलेल्या असतात, नाव बदललं तरी त्या घासून पूर्ण जात नाहीत. मी एका जहाजावर तीन नावं एकाखाली एक पाहिलीत, आणि गावाच्या जागीही तसंच खरवडलेलं.

आमच्यासाठी हा विषय ७ ऑगस्ट २०१० पासून सुरू होतो. एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ यांची टक्कर इथेच, बंदराच्या तोंडाशी झाली. चित्रावर पनामाचा झेंडा. बाराशेच्या आसपास कंटेनर घेऊन ती कलंडली, शेकडो कंटेनर पाण्यात गेले, काहींत कीटकनाशक. सुमारे ८०० टन तेल सांडलं. खाडीतल्या तिवरांच्या मुळांवर काळा थर बसला होता, डोलीची जाळी धुऊन धुऊन शेवटी टाकून द्यावी लागली. म्हावरं विषारी झालंय अशी बातमी पसरली आणि भाऊच्या धक्क्यावर माल घ्यायला कोणी येईना. नारळी पौर्णिमेचे दिवस, धंदा सुरू व्हायची वेळ.

पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये आरएके कॅरियर कोळसा घेऊन मुंबईसमोर बुडाली. तीही पनामाची, मालक कतारचा, कोळसा इंडोनेशियाचा, जायचा दहेजला. हरित लवादाने १०० कोटींचा दंड लावला तो २०१६ मध्ये. पाच वर्षं गेली फक्त ठरवायला.

आणि त्याच पावसाळ्यात पवित नावाचं जहाज, पुन्हा पनामाचंच, खलाशांनी ओमानच्या बाजूला सोडून दिलेलं, वाहत वाहत जुहूच्या वाळूवर येऊन रुतलं. नौदल, तटरक्षक दल, कोणालाच आधी दिसलं नाही.

उलव्याची_वहिनी

मावशी, माझे मिस्टर अशाच जहाजावर अडकले होते, म्हणून लिहिते. जहाजाचं आणि कंपनीचं नाव देत नाही.

एजंटाने सांगितलेला झेंडा वेगळा होता, तिथे पोचल्यावर कागदावर वेगळाच निघाला. सुरुवातीला पगार उशिरा यायचा, मग अर्धा, मग बंद. मालकाने फोन उचलणं सोडलं. जहाज शारजाच्या अँकरेजवर उभं. डिझेल संपत आलं तसं जनरेटर संध्याकाळी तासभरच चालवायचे, तेवढ्यात सगळ्यांनी मोबाईल चार्ज करायचे आणि भात शिजवून घ्यायचा. उन्हाळ्यात केबिनमध्ये झोपणं अशक्य, सगळे डेकवर झोपायचे. गळ टाकून मासे धरायचे. किनारा समोर दिसतोय, पण उतरता येत नाही, कारण बंदर म्हणतं जहाज बिनमाणसाचं ठेवता येणार नाही, बदली माणसं आणा मग उतरा. बदली माणसं कोण आणणार?

मी झेंड्याच्या देशाच्या रजिस्ट्रीला ईमेल केल्या. पहिलीला "मिळाली" असं उत्तर, पुढच्या सगळ्यांना काहीच नाही. शेवटी कामी आले ते आयटीएफचे (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे) इन्स्पेक्टर, नुसी ही आपली खलाशांची युनियन आणि आपली वकिलात. मिस्टर घरी आले, पण पगारातला मोठा भाग अजून यायचाय.

तेव्हा कळलेलं सांगते. एमएलसी नावाचा कामगार करार आहे. १८ जानेवारी २०१७ पासून त्यात असं आहे की दोन महिने पगार मिळाला नाही, किंवा खाणंपिणं बंद केलं, किंवा घरी पाठवायचा खर्च दिला नाही, तर जहाज सोडून दिलं असं धरलं जातं. मग विमा कंपनीने घरी पाठवायचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार द्यायचा. त्या विम्याचा कागद जहाजावर सगळ्यांना दिसेल असा लावलेला असतो. आमच्या जहाजावर कागद होता, विम्याचे हप्ते भरलेले नव्हते. ते तपासायचं काम झेंड्याच्या देशाचं होतं.

२०२४ मध्ये जगात ३१२ जहाजं अशी सोडून दिली गेली आणि तीन हजारांवर खलाशी अडकले. देशवार पाहिलं तर सर्वात जास्त भारतीय. पोराला पाठवू नका.

पनवेल_आकाश

विमानांमध्ये हेच थोडं वेगळ्या रूपात आहे, म्हणून लिहितो. २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नवी मुंबई विमानतळावर विमानं सुरू झाल्यापासून मी उलवे बाजूने फोटो काढतो. आपल्या कंपन्यांच्या बहुतेक विमानांवर व्हीटी, म्हणजे भारतातल्या नोंदणीची खूण, लिहिलेलं असतं. विमान एका वेळी एकाच देशात नोंदता येतं, हे १९४४ च्या शिकागो करारातलं. पण यातली बरीचशी विमानं आयर्लंडमधल्या भाडेकंपन्यांची आहेत. पुढच्या दारातून चढताना चौकटीच्या आत बघा, बऱ्याच विमानांत एक छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर खऱ्या मालकाचं नाव असतं. लोक तिच्यासमोरून बॅगा ओढत जातात.

इथे मालकालाच भारताच्या झेंड्याची धास्ती असते. गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा भाडेकंपन्यांना स्वतःची विमानं वर्षभर परत नेता आली नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये आदेश दिला तेव्हा कुठे ५४ विमानांची नोंदणी रद्द झाली. त्याचाच परिणाम म्हणून २०२५ मध्ये विमानांवरच्या हक्कांचा वेगळा कायदा आला. विमानावरचे मालकाचे हक्क जपणाऱ्या केप टाऊन करारात आपण २००८ लाच गेलो होतो, देशात कायदा करायला इतकी वर्षं लागली. दरम्यान भाडं महाग पडलं ते तुमच्या-आमच्या तिकिटात.

खासगी जेटचं मात्र जहाजांसारखंच. टी७ म्हणजे सान मारिनो, एम म्हणजे आयल ऑफ मॅन, पी४ म्हणजे अरुबा, व्हीपी-सी म्हणजे केमन. सान मारिनोत तर मोठी धावपट्टीच नाही. पण तपासणीत ही ठिकाणं ढिली नाहीत. मार्च २०२२ मध्ये रशियातली विमानं आपल्याला तपासता येत नाहीत म्हटल्यावर बर्म्युडाने त्यांचे उड्डाणयोग्यतेचे दाखले सरळ थांबवले. झेंडा देणाऱ्याने असंच वागायला हवं.

कोलशेत_ते_कान

मी यॉटवर काम करते, फ्रान्सच्या किनाऱ्यावर. इथे निम्म्या बोटींच्या मागे जॉर्ज टाऊन लिहिलेलं, म्हणजे केमन. बाकी व्हॅलेटा, डग्लस (आयल ऑफ मॅन). मालकांना लाल ब्रिटिश झेंडा लावायचा मान हवा असतो आणि बँकाही कर्जासाठी तोच मागतात. भाड्याने दिल्या जाणाऱ्या यॉटचे नियम कडक असतात. फक्त मालकाच्या वापराच्या बोटींवर क्रूला एमएलसीचं संरक्षण नीट मिळत नाही, म्हणून मी कामाला जाण्याआधी बोटीची नोंद व्यापारी आहे का, हे विचारूनच सही करते.

नेरूळची_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनी, तुमचं लिहिलेलं मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

आरपीएसएल नंबर मागितला. एजंटाने दिला तो दुसऱ्याच कंपनीचा निघाला, पत्ता अंधेरीचा. पैसे दिले नव्हते, आता देणार नाही. पण पोरगा माझ्यावर चिडलाय. म्हणतो, "मावशी, चांगल्या कंपन्या अनुभव मागतात आणि अनुभव द्यायला कोणी तयार नाही, मग मी काय करू? बॅचमधले दोघे असल्याच जहाजांवर गेले." याला मला उत्तर सापडत नाही.

जुना_चीफ_सीवूड्स

त्याचा राग खरा आहे. दरवर्षी संस्थांमधून जितकी मुलं बाहेर पडतात तितकी पहिली जहाजं नाहीत, आणि असल्या मालकांना माणसं मिळतात ती याच गर्दीमुळे. त्याला सांगा, न्हावाशेवा आणि मुंबई बंदरातले टग, बार्ज, ओएनजीसीच्या तेलक्षेत्रात जाणाऱ्या सप्लाय बोटी इथे विचार. दिखाऊ नाही, पण बहुतेकांवर आपला झेंडा, आणि भांडण झालं तर कांजूरमार्गला डीजी शिपिंगच्या ऑफिसात जाऊन टेबलावर कागद ठेवता येतो.

आणि पुढे कुठलंही जहाज आलं की आधी आयएमओ नंबर माग म्हणावं. सात आकडे. नाव बदलेल, झेंडा बदलेल, तो नंबर जहाज तोडेपर्यंत बदलत नाही. इक्वासिस या जहाजांची माहिती देणाऱ्या साईटवर फुकट खातं उघडून नंबर टाकला की वय, मालक, क्लास (जहाजाची मजबुती तपासणारी संस्था), कुठल्या बंदरात कशासाठी अडकलं, सगळं दिसतं. आयटीएफच्या साईटवर त्या जहाजाचा पगाराचा करार आहे का तेही दिसतं. नंबर द्यायला जो एजंट टाळाटाळ करतो त्याच्या ऑफिसातून उठून यायचं.

घोडबंदर_रोड

मग आपल्याच झेंड्याखाली जहाजं का नाहीत? पोरं आपली, माल आपला.

जुना_चीफ_सीवूड्स

होती. १९१९ मध्ये ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, सिंदिया कंपनीची. आपले सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यात होते, इंग्रज कंपन्यांच्या दरयुद्धाला तोंड देऊन त्यांनी ती टिकवली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत आपल्या परदेशी व्यापाराचा सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जायचा. आज ५ टक्क्यांच्या आसपास. जहाज आयात करताना जीएसटी, कर्ज महाग, तेही कमी मुदतीचं, नोकरशाहीचे कागद. शिवाय किनारी जहाजावर खलाशाचे एनआरआय दर्जाचे (ज्याने पगारावरचा कर वाचतो ते) दिवस भरत नाहीत, म्हणून चांगले अधिकारी परदेशी झेंडाच पसंत करतात. २००४ मध्ये टनेज टॅक्स (नफ्याऐवजी जहाजाच्या क्षमतेवर कर) आला, थोडा श्वास मिळाला, एवढंच.

वाशीचा_वकील

२०२५ चा नवा मर्चंट शिपिंग कायदा १९५८ च्या कायद्याच्या जागी आलाय. मालकीच्या अटी सैल केल्यात, एनआरआय आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) यांनाही वाव आहे, भाड्याने घेऊन पुढे मालकीचं करायच्या जहाजांना भारतीय झेंडा मिळू शकतो, अलंगला जाणाऱ्यांना तात्पुरती नोंदणी आहे. मला यात एकच भीती वाटते. जहाजांचा आकडा वाढावा म्हणून तपासणीत सूट देण्याचा मोह व्हायला नको. झेंडा वाढवायचा तर सर्व्हेअरही वाढवा.

मोरा_बंदर

वकील साहेब, एक विचारायचं राहिलं. २०२५ च्या मे महिन्यात कोचीसमोर एमएससी एल्सा ३ बुडाली, लायबेरियाची. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा केला. पुढच्याच महिन्यात आग लागलेलं वान हाय ५०३ तर न्हावाशेवालाच यायचं होतं. आमच्या समोर असं झालं तर मच्छीमार सोसायटीने पहिल्या दिवशी काय करायचं? २०१० ला आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

वाशीचा_वकील

आता एक गोष्ट बदलली आहे. जहाजाच्या इंधनाने होणाऱ्या प्रदूषणाच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१५ मध्ये सामील झाला. त्याखाली मोठ्या जहाजाला विमा सक्तीचा आहे आणि दावा थेट विमा कंपनीवर करता येतो, मालक सापडो न सापडो. तो विम्याचा दाखला मात्र सहसा झेंड्याचा देशच देतो, म्हणून खोट्या रजिस्ट्रींचा सध्या जो सुळसुळाट झालाय तो मच्छीमारांच्याही मुळावर येणारा आहे.

पहिल्या दिवशी जहाजाचं नाव, मागे लिहिलेलं गाव, आयएमओ नंबर, तारीख-वेळेसकट फोटो. तेल लागलेली जाळी टाकून देऊ नका, पंचनामा होईपर्यंत ठेवा. मत्स्यव्यवसाय खातं, मेरीटाईम बोर्ड आणि तटरक्षक दल तिघांकडे लेखी तक्रार, पोच घेऊन. आणि हे अपघाताची वाट न बघता आजपासून करा: सोसायटीत रोजच्या विक्रीची वही, होडीवार, वजन आणि भावासकट. बिघडलेल्या महिन्याचं नुकसान मोजायला आधीच्या चांगल्या महिन्यांचे आकडे लागतात, आणि बहुतेक दावे तिथेच अडतात. वहीचा नमुना हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.